मारिसोलच्या आईच्या वाळक्या मिरच्या

मिरच्या भरणं म्हणजे नीलिमाताईंच्या हातचा मळ. पण वाळलेली मिरची? सून सांगायला लागली तेव्हा त्यांना वाटलं, पोरीचं डोकं काही ठिकाणावर नाही. आणि नसलं तर नवल काय? आठवा महिना, त्यात तिकडे मेक्सिकोत आई गेलेली, आणि विमानात बसायला डॉक्टरांची सक्त मनाई. खरं तर बाळंतपणाला तीच आई इकडे सिंगापूरला, सेम्बावांगच्या घरी यायची होती. ती गेली म्हणून रुचिरनं आपल्या आईला, नीलिमाताईंना, पुण्याहून लगोलग बोलावून घेतलं. मारिसोल दिवसभर सोफ्यावर बसून असायची. रडायची नाही, बोलायची नाही. ते बघून नीलिमाताईंचा जीव तुटायचा.

"आमच्यात तेराव्याला गेलेल्या माणसाच्या आवडीचं करतात," एक दिवस त्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाल्या. "तुझ्या आईला काय आवडायचं?"

तेव्हा हे निघालं. हिरवी भरून तळलेली मिरची मेक्सिकोत सगळेच खातात, ही मात्र तिच्या आईच्या गावाकडची. तळहाताएवढी काळपट वाळकी मिरची घ्यायची, चीर देऊन बिया काढायच्या, गूळ आणि व्हिनेगर घातलेल्या गरम पाण्यात फुगवायची, आत चीज भरायचं आणि गारच वाढायची. सारणात मीठ अजिबात नाही, हे मारिसोलनं दोनदा बजावलं. मिरच्यांचं पाकीट तिच्याच कपाटात होतं. गूळ लिटल इंडियातून आला. तिकडचं चीज कुठे मिळेना, म्हणून नीलिमाताईंनी घरी पनीर केलं.

तेराव्या दिवशी आंघोळ करून त्या ओट्याशी उभ्या राहिल्या. भिजलेली मिरची भारी नाजूक, पण एकही फाटली नाही. ताट वाढून त्यांनी मारिसोलच्या आईच्या फोटोपुढे ठेवलं आणि सुनेला हाक मारली.

मारिसोल आली, एका मिरचीचा तुकडा मोडला आणि सरळ तोंडात टाकला. नीलिमाताईंनी हात पुढे केला, पण उशीर झाला. सगळं ताट उष्टं झालं की.

"अळणी आहे," मारिसोल म्हणाली. "आमचं चीज खारट असतं." आणि तेरा दिवसांत पहिल्यांदाच ती ढसाढसा रडायला लागली. "तुम्ही चाखून नाही बघितलं?"

"गेलेल्या माणसाच्या आधी कसं चाखणार? चाळीस वर्षांत मी पितरांच्या पानातलं कधी चाखलेलं नाही."

"आमच्याकडे मृतांच्या सणाला माझी आई गेलेल्या आजीसाठी ठेवायच्या ताटातलं सगळं चाखायची. म्हणायची, बिचारी एवढ्या लांबून येणार, आणि जेवणच बिघडलेलं असलं तर?"

नीलिमाताईंना राग आला. सुनेचा कमी, स्वतःचा जास्त. पनीर अळणी असतं हे काय त्यांना ठाऊक नव्हतं? त्यांनी ताट उचललं, एकेक मिरची उकलून सारण काढलं आणि त्यात मीठ कालवलं. मग मात्र हात घुटमळला. मारिसोल नाक पुसत त्यांच्याकडे बघत होती.

त्यांनी चिमूटभर सारण उचललं आणि जिभेवर ठेवलं.

"झालं बरोबर," त्या म्हणाल्या. "आता तूच भरून वाढ तुझ्या आईला."