मंगळवार, अकरा ते एक

सगळे जिला टाचणी म्हणत, त्या मुलीने महाविद्यालयाच्या तक्रारपेटीत एकच चिठ्ठी टाकली होती: फलकावरच्या सूचना तारीख उलटून गेल्यावर लागतात. पेटी उघडणारे तिचे सख्खे काका निघाले. त्यांनी चिठ्ठी वाचली, तिची व्यवस्थित घडी घातली आणि पुतणीला गुणवत्ता मंडळात विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून बसवून टाकलं. तक्रार करणाऱ्याला कामाला जुंपलं की तो गप्प बसतो, हा काकांचा वीस वर्षांचा अनुभव.

मंडळात समन्वयक काका धरून पाच प्राध्यापक आणि एक टाचणी. दर मंगळवारी अकरा ते एक बैठक. एक अडचण निवडायची, तिला पाचदा ‘का?’ विचारायचं आणि पाचवं उत्तर मूळ कारण म्हणून चौकटीत लिहायचं. फलकाचा विषय पहिल्याच दिवशी बाद झाला, कारण फलकाची किल्ली काकांकडे होती. मग एकमताने ठरलं: प्रात्यक्षिकांना विद्यार्थ्यांची गैरहजेरी.

टाचणीने इमानेइतबारे आकडे गोळा करून आलेख काढला. त्यात एक खांब बाकीच्यांच्या डोक्यावरून गेला होता. तो तिचाच होता. तिचं रसायनशास्त्राचं प्रात्यक्षिक मंगळवारी, अकरा ते एक.

आता शेवटचं प्रात्यक्षिक उरलं होतं. ते चुकलं तर परीक्षेला बसता येणार नाही, हे प्रयोगशाळेच्या बाईंनी हजेरीपट उघडून दाखवलं. मंडळाचं पत्र आणलंस तर बैठकीच्या दिवशीची हजेरी धरते, असंही म्हणाल्या. काकांनी पत्र साफ नाकारलं. मंडळामुळेच गैरहजेरी वाढते, असं मंडळाने स्वतःच्या सहीशिक्क्याने कबूल करायचं का? शेवटची बैठकही त्याच मंगळवारी होती आणि विद्यार्थी प्रतिनिधीशिवाय ती भरत नव्हती, तेव्हा मुकाट्याने यायचं, असं बजावून त्यांनी तिच्या आईला फोन केला. पोरगी हाताबाहेर गेली म्हणून. आईने दोन दिवस टाचणीला नुसतं वाढलं, बोलली नाही.

मंगळवारी टाचणी ॲप्रन चढवून प्रयोगशाळेत उभी राहिली. सव्वाअकराला अख्खं मंडळ दारात हजर. ॲप्रनशिवाय कोणी पाऊल आत टाकायचं नाही, असं बाईंनी दरडावल्यामुळे पाच जण बाहेर आणि एक आत, अशी बैठक भरली.

“बैठकीला का आली नाहीस?” काकांनी विचारलं.

“प्रात्यक्षिक आहे.”

“इतके दिवस का नाही केलंस?”

“बैठका होत्या.”

“पण बैठका याच वेळी का?” हे मागच्या एका प्राध्यापकांनी विचारलं, निव्वळ सवयीने. काकांनी मागे वळून त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते स्वतःच्या वहीच्या आड गेले.

“सभागृह तेव्हा रिकामं असतं,” टाचणी म्हणाली.

“रिकामं का असतं?” वहीच्या आडून आवाज आला.

“सगळे प्रात्यक्षिकाला गेलेले असतात.”

चार ‘का?’ झाले. पाचवा विचारायला कोणी धजेना.

“पाचवा मी विचारते,” टाचणी म्हणाली. “काका, पत्र का देत नाही?”

महाविद्यालयात त्यांना काका म्हणायला सक्त मनाई होती. त्यांचे कान लाल झाले.

“घरची माणसं मंडळात घेतली की हे असंच होतं,” ते म्हणाले.

वहीवाल्या प्राध्यापकांनी ते तत्परतेने चौकटीत लिहिलं. मूळ कारण: समन्वयकांची पुतणी. मूळ कारण सापडलं की ते काढून टाकायचं, हाही मंडळाचाच नियम, म्हणून लगेच ठराव मांडला गेला. काकांनी हात वर करायला सांगितलं.

सगळ्यांत आधी टाचणीचा डावा हात वर गेला. उजवा ब्युरेटच्या तोटीवर होता. तेवढ्यात चार थेंब जास्त पडले आणि फ्लास्क भडक गुलाबी झाला. बाईंनी तिची हजेरी लावली आणि प्रयोग पुन्हा पहिल्यापासून करायला सांगितला.

ठराव एकमताने मंजूर झाला आणि मंडळ पांगलं. काका तेवढे दारातच उभे राहिले.

“संध्याकाळी घरी येतोय. दादाशी बोलायचंय.”

“या,” फ्लास्क विसळत टाचणी म्हणाली. “बाबा असतील. मला परीक्षेचा अभ्यास आहे.”