मधोमधची खुर्ची

डोळे मिटा बरं जरा, आणि माझ्याबरोबर बघा. भरलेलं मैदान आहे, दुपारचं ऊन आहे, आणि गोलच्या तोंडाशी एक उंच माणूस बुटाच्या टाचेने गवतात रेघ ओढतो आहे.

तो गोलरक्षक आहे. गोलरक्षकाची पाठ कायम गोलकडे असते. चेंडूमागे तो पुढे धावतो, बाजूला झेपावतो, आणि परत आल्यावर आपण नेमके कुठे उभे आहोत हे त्याला मागे न बघता कळावं लागतं. म्हणून सामन्याआधी दोन्ही खांबांच्या बरोबर मध्ये तो एक रेघ ओढून ठेवतो. रेघ पायाखाली आली की समजायचं, आपण मधोमध.

जाळीच्या मागे, पहिल्या रांगेत, त्याची मुलगी बसली होती. बाप ताडमाड, म्हणून घरात तिला सगळे बुटकी म्हणत. तिने पिवळाधमक स्वेटर घातला होता आणि घामाने तिची मान भिजली होती. स्वेटर घालायला बाबांनीच सांगितलं होतं. खुर्चीही त्यांनीच ठरवली होती, गोलच्या बरोबर मागची. शिवाय बजावून ठेवलं होतं, की मध्यंतरात संघ बाजू बदलतील तेव्हा तूही पलीकडच्या गोलमागे जा आणि तिथेही मधोमधच बस.

बाबांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तिने हात हलवला. त्यांनी हलवला नाही. टाच अजून एकदा घासली आणि पुन्हा तिच्याकडे पाहिलं.

"आज लेकीवरून नजर हटत नाहीये दादाची," शेजारी बसलेली आत्या म्हणाली. "लहानपणी दार सोडून खिडकीतून घरात शिरायचा. आज बघा, दार राखतोय."

बुटकी हसली.

देशातल्या पहिल्या श्रेणीच्या साखळी स्पर्धेतला हा शेवटचा सामना होता. बाबांचा निळा संघ तळाशी होता. आज बरोबरी झाली तरी तो पहिल्या श्रेणीत टिकणार होता, आणि हरला तर खालच्या श्रेणीत जाणार होता. सकाळी पाववाल्याने बुटकीला थांबवून सांगितलं होतं, की बाबांना म्हणावं, सगळं गाव तुमच्या हातांत आहे. शाळेत बाईंनीही तेच सांगितलं होतं. गाव हातांत आहे म्हणजे काय, हे बुटकीला पुरतं कळलं नव्हतं. पण बाबांचे हात कसे झाले आहेत, हे तिच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

चषक स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात एका खेळाडूचा गुडघा बाबांच्या कानशिलावर बसला होता. चषक गेला. बाबा हसत घरी आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी चहाचा कप टेबलाच्या कडेबाहेर ठेवला आणि तो खाली पडून फुटला. मग ते दाराच्या चौकटीला खांदा धडकवू लागले. आई बस चालवायची, पहाटेच घराबाहेर पडायची, त्यामुळे तिच्या नजरेला यातलं काही पडलं नाही. बुटकीने विचारलं तेव्हा बाबांनी आधी स्वयंपाकघराचं दार लोटलं.

"दोन-दोन दिसतात गं अधूनमधून. मोसम संपला की होईल बरं. आईला सांगू नकोस."

संघाच्या डॉक्टरीणबाई प्रत्येक सामन्याआधी बाबांना तपासत. पाच शब्द सांगायच्या, इकडचं तिकडचं बोलायच्या, आणि मग तेच शब्द परत विचारायच्या. शब्द मात्र त्या कधी बदलत नसत. चमचा, बाग, घोडा, दोरी, खिडकी. बाबांनी ते घरी पाठ केले आणि बुटकीने त्यांच्याकडून ते म्हणवून घेतले. तेव्हा तो खेळच वाटला होता. बाबा अडकले की ती घोड्यासारखी खिंकाळायची. मग एकदा सरावाच्या वेळी डॉक्टरीणबाई सगळ्या खेळाडूंना समोर बसवून बोलत असताना ती मागे उभी होती. बाई सांगत होत्या, की डोक्याला मार लागलेला लपवू नका, कारण तो बरा व्हायच्या आत दुसरा बसला तर माणूस उठेलच असं नाही. त्या दिवसापासून बुटकी खिंकाळली नव्हती.

पूर्वार्ध गोल न होता संपला. बाबांनी दोन चेंडू अडवले, एक नुसताच खांबावर आपटून बाहेर गेला. आत्याने देवाचं नाव घेतलं. बुटकी चेंडूकडे बघतच नव्हती. कुणाचा गुडघा, कुणाचं कोपर बाबांच्या डोक्याजवळ जातं, तेवढंच ती बघत होती.

मध्यंतरात गर्दीतून वाट काढत दोघी पलीकडे पोचल्या तेव्हा आत्याला धाप लागली होती. तिने मधल्या खुर्चीत अंग टाकलं आणि शेजारच्या खुर्चीत पिशवी ठेवली. बुटकी त्यापलीकडे बसली.

बाबा गोलमध्ये आले. त्यांनी मागे वळून पिवळा स्वेटर शोधला आणि टाचेने रेघ ओढली.

बुटकीने रेघेकडे पाहिलं. मग एका खांबाकडे, मग दुसऱ्याकडे. रेघ मध्ये नव्हती. ती बरोबर बुटकीच्या समोर होती.

"आत्या, मला तिथे बसू दे."

"आता कुठे टेकले गं मी."

"आत्या, ऊठ ना."

तिचा आवाज ऐकून आत्या मुकाट्याने सरकली. बुटकी मधल्या खुर्चीत बसली. बाबांनी पुन्हा मागे पाहिलं. क्षणभर ते तसेच थांबले. मग त्यांनी पहिली रेघ बुटाने पुसली, बाजूला सरकले आणि नवी ओढली. आता ती दोन्ही खांबांच्या बरोबर मध्ये होती.

"बुटात खडा गेला असेल," आत्या म्हणाली.

आत्ता बुटकीला कळलं. बाबा तिच्याकडे मायेने बघत नव्हते. त्यांना खांब नीट दिसत नव्हते, पायाखालची रेघही बहुतेक दिसत नसावी. त्यांना दिसत होता तो फक्त हा पिवळा ठिपका. म्हणून स्वेटर. म्हणून ही खुर्ची.

शिट्टी वाजली. थोड्याच वेळात उंच चेंडू आला. बाबा उडी मारून गेले, त्यांचे हात चेंडूच्या शेजारून गेले, आणि समोरच्या खेळाडूचं डोकं त्यांच्या कानापासून वीतभर अंतरावरून गेलं. कुणीतरी चेंडू बाहेर लाथाडला. सगळं मैदान ओरडलं, भिंत आहे भिंत. बाबा गवतावर हात टेकून उठले, आणि त्यांनी आधी मागे वळून तिला शोधलं.

डॉक्टरीणबाई पलीकडे, मैदानाच्या कडेला बाकावर बसल्या होत्या. इथून त्या अंगठ्याएवढ्या दिसत होत्या. त्यांना सांगितलं तर बाबांना बाहेर काढतील. मग गोलमध्ये तो नवखा पोरगा उभा राहील, ज्याने अजून एकही सामना खेळला नव्हता. पाववाला काय म्हणेल, शाळेतल्या बाई काय म्हणतील? बाबा कदाचित काहीच म्हणणार नाहीत, आणि तिला त्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटत होती. पण ती तिथे पोचेपर्यंत खुर्ची रिकामी राहील, तेवढ्यात चेंडू आला तर?

बुटकीने स्वेटर डोक्यावरून काढला. मधल्या खुर्चीच्या पाठीवर तो नीट पसरला आणि वाऱ्याने हलू नये म्हणून बाह्यांची मागे घट्ट गाठ मारली.

"हा इथेच राहू दे," तिने आत्याला सांगितलं. "कुणालाही हलवू देऊ नकोस."

मग ती कठड्याला धरून बाकाच्या दिशेने पळत सुटली.