काखेतला रुमाल

"काखेतला रुमाल पडू देऊ नको रे पोट्ट्या. रुमाल पडला की समज, हात अंगापासून पळाला." नागपूरच्या गोल्फच्या मैदानावर खेळाडूंच्या बॅगा उचलणारे गोपीनाथकाका अंबरीशला असं सांगायचे. त्याला पंचेचाळीस वर्षं होऊन गेली. तो आवाज भोपाळच्या सराव मैदानावर, शे-दीडशे माणसांच्या गर्दीत त्याला पुन्हा ऐकू आला. त्याने तो तसाच गिळला.

गर्दी सरळनाथ महाराजांची होती. अंगात भगवी कफनी, पायात पांढरे बूट. ज्याचा चेंडू वर्षानुवर्षं उजवीकडे वळून झुडपात जाई, त्याला ते पुढे बोलावत. त्याच्या उजव्या काखेत मंतरलेला रुमाल धरायला देत आणि चेंडूच्या पलीकडे चार बोटं अंतरावर लिंबू मांडत.

"बेटा, गेंद टेढ़ी नहीं जाती, ग्रह टेढ़े जाते हैं. रुमाल गिरा तो कृपा गिरी. निंबू को लकड़ी लगी, तो दोष वापस."

मग डोळे मिटून पुटपुटणं. माणूस जिवाच्या भीतीने जपून स्टिक फिरवी, आणि चेंडू ताणलेल्या तारेवरून गेल्यासारखा सरळ जाई. बायका हात जोडत, निवृत्त फोरमन डोळे पुसत.

ही सगळी कारखान्यात आयुष्य काढलेली माणसं. डोळे झाकून मानणं त्यांना कमीपणाचं वाटे, म्हणून त्यांनी चमत्काराची मोजणी सुरू केली. फीत आणली, वही घातली. रुमालाआधी किती चेंडू वळले, रुमालानंतर किती सरळ गेले. तपासणी विभागातून निवृत्त झालेला अंबरीश पानापानावर सही करी. मंत्र वगळून एकदा बघावं, हे कुणाला सुचलं नाही. ज्याला सुचलं, तो सही करत होता. महाराजांनी त्याला 'इंजिनियर साहब' म्हणून शेजारी खुर्ची दिली होती, आणि निवृत्तीनंतरच्या चार वर्षांत त्याच्या सहीची कुणालाच गरज पडली नव्हती.

पुढे महाराजांना चेंडू पुरेना. जी कृपा चेंडू सरळ करते, ती रक्तातली साखरही सरळ करते, असं ते सांगू लागले. औषधं सोडा, काखेत रुमाल धरा, एकशे आठ वेळा हात फिरवा. आनंद नगरात अंबरीशच्या शेजारी राहणाऱ्या नितीनने, त्याच्या तीस वर्षांपासूनच्या सोबत्याने, इन्सुलिन बंद केलं. दोन महिन्यांत पायाच्या अंगठ्याची जखम काळी पडली. डॉक्टर म्हणाले, आज भरती झाला तर दोन बोटांवर निभावेल. नाहीतर पाय जाईल, मग माणूस. नितीन खाटेवरून हलेना.

त्याची बायको कांचन अंबरीशच्या दारात येऊन उभी राहिली. आत ये म्हटलं तरी आली नाही.

"भाऊजी, वहीत तुमची सही आहे म्हणतात हे. अंबरीश खोटं मोजणार नाही म्हणतात."

ती गेल्यावर अंबरीशने आपल्या मुलीला, शमिकाला, गोपीनाथकाकांचं सगळं सांगितलं. शमिका शाळेत खेळ शिकवायची. तिने स्वयंपाकघरातलं हळदीचे डाग पडलेलं फडकं घेतलं, एक बटाटा घेतला आणि बापाला स्कूटरवर मागे बसवलं.

मैदानावर तिने रांगेतल्या एका नवख्या माणसाला पुढे घेतलं. काखेत फडकं, चेंडूपलीकडे बटाटा, मंत्र नाही. दहा चेंडूंतले आठ सरळ गेले. मग महाराजांचा सिद्ध रुमाल त्याच्या खिशात घातला, लिंबू उचललं आणि महाराजांना खुशाल मंत्र म्हणायला सांगितलं. नऊ चेंडू झुडपात गेले.

"इस लड़की में श्रद्धा नहीं है," महाराज म्हणाले.

"आलू में भी नहीं है, महाराज."

चार माणसं हसली. शमिकाने सगळ्यांना समजावून सांगितलं. हात अंगापासून सुटला की स्टिक बाहेरून आत कापत येते, चेंडूला आडवी फिरकी बसते आणि तो उजवीकडे पळतो. फडकं हात अंगाशी ठेवतं, बटाटा बाहेरची वाट अडवतो. हा सराव आहे, घरच्या फडक्याने कुणीही करावा. याचा साखरेशी काय संबंध, एवढंच घरी जाऊन स्वतःला विचारा. काहीजण मान खाली घालून निघाले. काहीजण मात्र तसेच पुन्हा रांगेत उभे राहिले.

नितीनच्या खोलीत जखमेचा वास भरला होता. अंबरीशने पुढे केलेल्या मोबाइलवर त्याने मैदानावरचं चित्रण शेवटपर्यंत पाहिलं.

"चेंडूचं मानलं," तो म्हणाला. "पण तूही महाराजांसमोर ब्लडप्रेशरची गोळी सोडलीस ना? शपथ घेतलीस, मी होतो तिथे. तुला काय झालं? ठणठणीत आहेस."

कांचन पाण्याचा पेला घेऊन दारातच थांबली. अंबरीशने तिच्याकडे पाहिलं नाही.

"माझ्या सहीवर जाऊ नको, नितीन. डॉक्टरला विचार, आणि त्यालाही का ते विचार. मी ती गोळी एक दिवससुद्धा चुकवली नाही. रोज सकाळी घेत होतो. दार लावून."