कापडाखालची कात्री

पहिलटकरीण म्हटली की पूर्वी माझा हात आपोआप कात्रीकडे जायचा. बाळ बाहेर येताना खालची जागा वेडीवाकडी फाटण्यापेक्षा सरळ कापलेली बरी, असं आम्हाला शिकवलं होतं आणि वीस वर्षं मीही पुढच्या पोरींना तेच ठासून शिकवलं. आता वरून सांगतात, गरज असेल तरच कापा. म्हणून मी कात्री ट्रेमध्ये कापडाखाली झाकून ठेवते. कापड उचलेपर्यंत तरी डोकं चालावं.

सकाळपासूनचं हे तिसरं बाळंतपण. माझे पाय भरून आले होते. खाटेवर पोरगी घामाघूम, आणि उशाशी तिची थोरली बहीण स्टुलावर एका अंगावर कलून बसलेली.

"सिस्टर, मला ओळखलंत? चार वर्षांपूर्वी माझी सुटका तुम्हीच केलीत."

"नाही गं बाई. आम्ही चेहऱ्याकडे बघतो कुठे!"

धाकटी तेवढ्या कळांतही फिसकन हसली. थोरलीच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. "हिला कापू नका," ती म्हणाली.

"बाळाचे ठोके उतरले तर कापीन. उगाच नाही कापणार."

डोकं दिसू लागलं. गरम पाण्यात पिळलेलं फडकं मी खाली दाबून धरलं. "आता जोर नको हं. गरम चहा फुंकतेस ना, तशी नुसती फुंकत राहा." कातडी ताणून पांढरी पडली आणि माझा हात गेलाच त्या कापडाकडे. मेली सवय! ठोके ऐकले. चांगले होते. हात मागे घेतला. तशीच वाकून राहिले, कंबरेचा काटा ढिला झाला, पण डोकं सावकाश आलं, मग खांदे. मुलगी झाली. थोडंसं फाटलं होतं, दोन टाक्यांत भागलं.

थोरली टाके मोजत होती. शेवटची गाठ मारेपर्यंत थांबली आणि मग म्हणाली, "माझ्या वेळी बाळाचे ठोके उतरले होते?"

हो म्हटलं असतं तर विषय मिटला असता. कोण जुने कागद काढून बघणार होतं? पण ती अजून तशीच, टाके दुखणाऱ्या बाईसारखी एका अंगावर कलून बसली होती.

"मला आठवत नाही," मी म्हणाले. "पण तेव्हा आम्ही सगळ्याच पहिलटकरणींना कापायचो. बहुतेक गरज नसावी."

तिने भाचीच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं.

"तुम्ही म्हणाला होतात, तुला धड जोर लावता येत नाही म्हणून कापावं लागलं. चार वर्षं मी नवऱ्याला, सासूला तेच सांगतेय. माझीच चूक होती म्हणून. दुसऱ्या बाळाची हिंमतच झाली नाही मला."

मला स्वतःची लाज वाटली. हातमोजे काढायचंही सुचेना.

"ते," मी म्हणाले, "मी सगळ्यांनाच म्हणायचे."