सिसिलीचं मीठ

"या बुटांनी पाय उकडले माजे, भामे," दादा माझ्या कानाशी कुरकुरला. "ह्ये बूट घालून का मीठ बघायचं?"

काशिरामदादा, माझा थोरला भाऊ. तीस वर्षं मिठागरात अनवाणी काढलेला माणूस. आज मात्र पनवेलच्या कॉलेजात आला होता. मुंबई विद्यापीठाने भूमध्य समुद्राकाठचे देश आणि युरोप यांच्या नात्यावर तीन दिवसांचा कार्यक्रम ठेवला होता, आणि त्यात राबणारी प्रमिला ही त्याची एकुलती लेक. इटलीतल्या सिसिलीहून आलेल्या प्राध्यापक बाईंनी तिला दोन वर्षं तिकडे शिकायला बोलावलं होतं. होकार आजच द्यायचा होता. बाबांनी हो म्हटल्याशिवाय जायचं नाही, हे तिने ठरवलेलं. आणि बाबा महिनाभर विषय निघाला की भरती बघायला उठून जात होते. भरती काय, दिवसातून चार-चार वेळा यायला लागली होती.

कॉलेजच्या हॉलमध्ये सिसिलीच्या मिठागराचे फोटो लावले होते, पुढे टेबलावर काचेच्या बशीत तिथलं मीठ. दादाने बोट बुडवलं आणि जिभेवर ठेवलं.

"काका, हात नाही लावायचा!" कार्यक्रम सांभाळणारे अवधूत सर ओरडले. प्रमिला लाल झाली.

"मग मीठ वळखायचं कसं? चष्म्यानं?"

सिसिलीच्या बाई हसल्या. त्यांनीही चिमूट उचलली. मग दादाची चौकशी सुरू झाली, प्रमिला मध्ये दुभाषी.

"पाऊस आला की काय करतात?"

"ढिगावर कौलं घालतात, बाबा."

"कौलं! आमी गवतानं शाकारतो. श्रीमंत मीठ हाय." मग त्याने विचारलं, "भात मिलतो का तिकडं?"

"मिळतो."

"थंडी?"

"असते थोडी."

"आजारी पडलं तर कोन बघतं?"

हे प्रमिलाने बाईंना सांगितलंच नाही. सरांनी घड्याळ पाहिलं. मी म्हणाले, "लोक काय म्हणतील याची काळजी नको करूस, दादा. मी बघते लोकांकडे."

"लोकांचं काय घेऊन बसलीस!" तो माझ्यावरच खेकसला. मग लेकीकडे वळला, आवाज पार खाली गेला. "तुजी आय गेल्यापासून घरात तुजाच आवाज हाय, बाय. तू गेलीस का मी येकटा. त्याचं भ्याव वाटतं मला, म्हनून बोललो नाय. तू जा."