वहीतली मुलगी

कृष्णात हवालदार इटलीच्या लढाईहून परत आला तो संशय बरोबर घेऊनच. चार वर्षं पायाखाली सुरुंग शोधलेला माणूस तो. गावात सुरुंग नव्हते, म्हणून तो भावकीकडे बघू लागला. बाप अर्जुना तापाने गेला होता, आणि गेल्या साली, शेहेचाळीसच्या उन्हाळ्यात, आजी राहीबाईही गेली. विहिरीजवळचं अडीच एकर रान आजीच्या नावावर होतं. तेवढंच काय ते घराण्याकडे उरलेलं.

ते नावावर करायला तो कराडच्या कचेरीत गेला. कारकून म्हणाला, "अर्जुना हा राहीबाईचाच मुलगा याला पुरावा लागेल. नाहीतर रान जवळच्या भाऊबंदाकडे जाईल."

जवळचा भाऊबंद म्हणजे नानासो, अर्जुनाचा चुलतभाऊ आणि उंब्रजपलीकडच्या त्यांच्या गावाचा पोलीस पाटील. कृष्णातच्या मनात तिथंच पाल चुकचुकली.

कारकुनाने जन्माची मोडीतली जुनी वही काढली. वहीत मुलाचं नाव नसेच. बापाचं नाव, आणि मुलगा की मुलगी, बस्स. "जोतिबा, यांस मुलगी," त्याने कृष्णातच्या आजाची नोंद वाचली. "त्याआधी पाच मुलगे. पाचही मृत्यूच्या वहीत आहेत. या मुलीनंतर घरात जन्मच नाही."

"आन् ती मुलगी?"

"ती मेल्याची नोंद नाही. पण ती पुढं कुठंच दिसत नाही."

"हे लिवलंय कुणी?"

"तेव्हाच्या पाटलानं."

तेव्हाचा पाटील म्हणजे आबा, नानासोचा बाप! कृष्णातला सगळं लख्ख दिसलं. एखाद्याचा बाप सरकारी वहीतून पुसायचा आणि पन्नास वर्षांनी रान गिळायचं. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणायचं.

दुसऱ्या दिवशी तो थेट चावडीवर गेला. दहा-बारा माणसं बसली होती. त्याने रामराम घातला नाही.

"काका, तुमच्या बानं वहीत खोटं लिवलं. माझ्या बाला पुसून काढलं, व्हय का न्हाई?"

नानासो साठीचा माणूस, आवाज चढवणारा नव्हे. त्याने पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि एवढंच विचारलं, "आनखी काय बोलायचं हाय?"

"खोटारडा हुता तुमचा बा!"

"बरं," नानासो म्हणाला.

त्या 'बरं'ने कृष्णातचं डोकं अधिकच फिरलं. खरा माणूस चिडतो, हा गप्प बसला. म्हणजे पाणी मुरतंय! पण नुसत्या ओरडण्याने रान मिळत नाही, साक्षीदार लागतो. बापाच्या जन्माच्या वेळी घरात असलेलं एकच माणूस आता जिवंत होतं : राहीबाईची धाकटी बहीण साळूबाई. ती मिरजेला, रेल्वेतल्या मुलाकडे राहायची. कृष्णातने संध्याकाळची गाडी धरली.

सकाळी साळूबाई कोवळ्या उन्हाला बसून तांदूळ निवडत होती. त्याचं सगळं ऐकून तिने सूप खाली ठेवलं आणि विचारलं, "तुझ्या बाच्या नाकाला भोक हुतं, ठावं हाय न्हवं?"

"देवीचा वण हुता त्यो."

"कुनी सांगितलं? म्या स्वता टोचलंय ते." म्हातारी हसली. "पाच पोरं सटवाईनं नेली, लेकरा. सावं पोरगं झालं तवा अक्का म्हनली, हिला फसवायचंच. पोराला उकिरड्यावर ठिवलं, सुपातनं उचललं, नाक टोचलं, झबल्याच्या जागी परकर घातला. समद्या गावाला सांगितलं, पोरगी झाली म्हनून. शिरगनतीला मानसं आली तवाबी परकरातच बसवलं हुतं त्याला."

"पर सरकारी वही?"

"अक्का म्हनली, सटवाई रातीची वहीबी बघंल. तिथं पोरगा दिसला तर ती न्हील. म्हनून ती आबा पाटलाच्या पाया पडली. आबा म्हनलं, खोटं लिवलं तर पाटीलकी जाईल, वयनी. अक्का उठंना. मग लिवलं बाबा त्यांनी. आन् अर्जुना जिता हाय तवर ह्ये कुनी तोंडातनं काढायचं न्हाई, अशी आन घातली अक्कानं."

साप साप म्हणून भुई धोपटली होती कृष्णातने, तीही दहा माणसांसमोर. लाज वाटली त्याला.

दुसऱ्या दिवशी तो गावात पोचला तो सरळ नानासोच्या घरी. नानासो पडवीत बसला होता. पायांवर कराडच्या वाटेची धूळ तशीच होती.

"कचेरीत जबाब दिऊन आलो," तो म्हणाला. "माज्या बानं वहीत खोटी नोंद केली, अर्जुना जोतिबाचाच ल्योक, असं लिवून दिलंय. रान तुला मिळंल. पाटीलकीचा राजीनामाबी तिथंच ठिवला."

"काका, रान तुमालाच मिळत हुतं. गप बसला असता तर..."

"अर्जुना गेला तवाच आन सुटली हुती. तवाच सांगाय पायजे हुतं मला. मेलेल्या बाचं नाव खराब हुईल म्हनून जीभ रेटंना."

कृष्णात पायांवर वाकला. "माझं चुकलं. चावडीवर वंगाळ बोललो."

नानासोने त्याला धरून उठवलं. "बोललास ते खरंच हाय रं. आबांनी खोटंच लिवलं. फकस्त कुनासाठी लिवलं, ते तू इचारलं न्हाईस."