दोन जांभळ्या रेघा

पन्नालालशेठची रितिका कॅनडात शिकती. शेठचं मंठ्यात कापडाचं दुकान, अन् मी बंजारा तांड्यावरची, त्यांच्यासाठी मणीकाम करते. माझी चोळी शेठ 'राजस्थानी' म्हणून विकतात. करणारी वंदना राठोड हाय, हे कोण्या गिऱ्हाइकाला आजवर कळलं न्हाई.

रितिकानं व्हिडिओ कॉलवर एका पट्ट्याचा फोटो दाखवला. म्हणे तिकडच्या मूळच्या लोकांचं गोऱ्या साहेबाशी बोलणं पक्कं झालं, की शिंपल्याच्या मण्यांचा पट्टा ओवायचे. तोच करारनामा. पांढऱ्या मण्यांत दोन जांभळ्या रेघा, एक त्यांची होडी, एक साहेबाचं जहाज. तिला कॉलेजच्या प्रदर्शनाला तसाच काचेच्या मण्यांचा पाहिजे व्हता. तिथल्याच बायकांकडून का करून घेत न्हाईस, म्हणलं, तर म्हणे लई महाग पडतं. बरं बाई.

"मावशी, खाली कार्डावर तुमचं नाव लिहीन. प्रॉमिस," ती म्हणली.

खोटं कशाला बोलू, त्या एका शब्दावर मी वीस दिवस डोळे फोडले. तांड्यात समद्यांना सांगूनबी मोकळी झाले.

पट्टा संपवताना टोकाला दोन्ही रेघा चार आडव्या मण्यांनी जोडल्या. मायची शिकवणच तशी, सुटी रेघ ठेवू न्हाई, घर फुटतं. माझ्या हातच्या हरेक कामात ती जोडणी असती. मी धाडलेला फोटो पाहून रितिका चिडलीच. या रेघा एकमेकींना कधीच शिवत नाहीत, म्हणली, त्यातच तर करार आहे, कोणी कोणाच्या वाटेत शिरायचं नाही.

"मंग साहेबानं पाळला का?" मी इचारलं.

"नाही, मावशी. जमिनी घेतल्या त्यांच्या."

घ्या! त्यानं खुशाल जहाज होडीवर घातलं, अन् चूक धरायची तर माझ्या चार मण्यांची. पण नाव लागणार व्हतं ना. गुमान बसून जोडणी उसवली.

काल फोटो आला. काचेच्या पेटीत पट्टा, खाली कार्ड. मला इंग्रजी येत न्हाई, शेजारच्या पायलकडून वाचून घेतलं. भेट देणारी रितिका, भारतात बनवलेलं, एवढंच. पुन्यांदा वाचायला लावलं, तरी तेवढंच.

मी जल्दी फोन लावला.

"मावशी, कार्डावर जागाच नव्हती," ती म्हणली.

बराबर हाय. गरज सरो, वैद्य मरो. तळपायाची आग मस्तकात गेल्ती, पण शेठच्या पोरीला बोलून उद्या दुकानाची पायरी कशी चढू? गप फोन ठेवला.

सकाळपासून तांड्यावरच्या बाया इचारून राह्यल्या, नाव लागलं का म्हणून. काय सांगू त्यांना? कार्डावर जागा न्हवती. पट्ट्यावर माझ्या हाताची एक खूण व्हती, ती मीच उसवली.